उडत्याचे सोंग

ते पुस्तक वाईट आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. आणि ते मी एका बैठकीत, जेवणाची हाक येऊनही न उठता वाचून काढले, हेही सांगून टाकतो.

पुठ्ठा फाटलेला होता. त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. पहिल्याच ओळीत खून. म्हटले, ठीक आहे, हेरकथा आहे. पण थोड्या पानांनी एका शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा आली, काचेच्या नळ्या आल्या, निळी ठिणगी उडाली आणि त्या ठिणगीत सापडलेला एक राजपुत्र उडायलाच लागला. तिथून पुढे लेखकाला कोणी अडवले नाही. जडीबुटी देणारा ऋषी आला. ओसाड किल्ल्यातले भूत आले. संकटातही गाणे म्हणणारी नायिका आली. एक लढाई तर चंद्रावर झाली. हा राजपुत्र दिवसा भित्रा, मऊ हातांचा, फुलपाखरे पकडणारा. दिवे लागले की तोंडावर काळा मुखवटा चढवायचा आणि दहा हत्तींच्या बळाने दुष्टांना उचलून आपटायचा. गोळी लागली तर गोळीच चपटी. शेवटी चुलत्याने बळकावलेली गादी तो परत मिळवतो आणि प्रजा हात जोडून आनंदाने रडते.

प्रजा! हात जोडून!

जव्हार संस्थान विलीन होऊन अजून फार वर्षे झालेली नाहीत. माझे वडील संस्थानच्या दप्तरात कारकून होते, ते सरकारच्या दप्तरात कारकून झाले. टेबल तेच, खुर्ची तीच. मला मात्र वाटत होते की आता खरोखर काही बदलायला हवे. वेठ कायद्याने बंद होती आणि जंगलात चालू होती. ठेकेदाराचा मुकादम सांगेल तेव्हा माणसांनी त्याची ओझी वाहायची, त्याच्या घरचे लाकूड फोडायचे, त्याच्या कोंबड्या टोपलीत घालून मोखाड्यापर्यंत पोचवायच्या, बदल्यात शिव्या. मी पत्रके काढत होतो. जव्हारच्या बाजारात वाटत होतो, एसटीच्या टपावर गठ्ठा टाकून मोखाड्याला नेत होतो. माझ्या प्रत्येक पत्रकाच्या खाली एक ओळ असायची: तोंड उघडा, नाव सांगा, उघड्या चेहऱ्याने उभे राहा. आणि इकडे हा मुखवटेवाला राजपुत्र गादीवर बसून लोकांना आशीर्वाद देत होता.

राग यायला एवढे पुरेसे होते. पण पुस्तकात एक प्रकरण असे होते की त्यामुळे माझी पंचाईत झाली. जंगलातली वाट, डोक्यावर सरपणाचे फाटे घेतलेली माणसांची रांग. एकाचे मूल घरी तापाने फणफणलेले, तो परवानगी मागतो, कारभारी चाबूक उगारतो. त्या माणसाने मान कशी खाली घातली, ओझे डोक्यावरच ठेवून मार कसा झेलायची तयारी केली, ते त्या अडाणी लेखकाने असे लिहिले होते की मी पान उलटायचा थांबलो. मग चाबूक हवेतच राहतो. वरून कोणीतरी धरलेला असतो.

माझ्या एकाही पत्रकात वेठ इतकी खरी उतरली नव्हती. हे मला अजिबात आवडले नाही.

पुस्तक होते मोखाड्याच्या पुढच्या एका गावातल्या गुरुजींचे. गुरुजी मूळचे साखरशेतचे, भात आणि नाचणी पिकवणाऱ्या घरातले. त्यांच्या घरात नोकरीला लागलेला हा पहिला माणूस. माझ्याहून थोडेसेच मोठे, काटकुळे, कोणाशी बोलताना आवाज न चढवणारे. त्या गावात गेलो की मी शाळेतच उतरायचो. तिथूनच मी पुस्तक उचलले होते. परत करताना म्हणालो, "गुरुजी, हे जाळा."

"वाचलंत ना पुरतं?"

"वाचलं म्हणूनच सांगतो. ह्यात धड काही नाही. हेरकथा म्हणावी तर भूत, भूत म्हणावं तर विज्ञान. आणि शेवटी काय, तर राजाच पाहिजे!"

"शेवटचं मी वाचतच नाही त्यांच्यापुढे. चंद्रावरून आला की थांबतो."

"म्हणजे? तुम्ही हे लोकांपुढे वाचता?"

"तुम्ही नेईपर्यंत रोज. दिवेलागणीला. तुम्ही बसा आज."

मी बसलो. ज्या शाळेच्या ओट्यावर माझ्या सभेला सहा डोकी यायची, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. गुरुजी पुस्तकी मराठी वाचायचे आणि वाचता वाचता गावाच्या बोलीत सांगायचे. लोकांनी राजपुत्राचे लांबलचक नाव टाकून दिले होते. त्यांच्या तोंडी तो 'उडत्या' होता. तो कसा उडतो, हे कोणीच विचारले नाही. विचारले ते वेगळेच.

"उडत्या खातो काय?" गावची सुईण म्हणाली. निम्मे गाव तिच्या हातावर जन्मलेले, त्यामुळे तिला मधेच बोलायची मुभा होती.

"फळं, दूध," गुरुजी म्हणाले.

"मंग कसला उडतोय! भाकर घाला त्याला."

ओटा हसला. मी मात्र संधी साधली. उभा राहून म्हणालो, "आजी, हा उडत्या तोंड झाकून का येतो ते विचारा. खरा असता तर उघड्या तोंडानं आला असता. अन्यायाला भिडायचं तर लपायचं कशाला?"

सुईणीने माझ्याकडे असे पाहिले जसे एखाद्या आडव्या आलेल्या मुलाकडे पाहत असेल.

"उघड्या तोंडानं आला असता तं दुसऱ्या दिशी त्याच्या घरावर कोण आलं असतं, पत्रकवाले? तुमी?"

माझ्याकडे उत्तर होते. लांब होते. ते ऐकायला कोणी थांबले नाही. गुरुजींनी पुढचे पान उलटले होते.

त्याच गावातला एक तरुण माझा अर्जदार होता. त्याला मी इथे अर्जदारच म्हणतो. बायकोला दिवस गेलेले असताना तिला घरी एकटी टाकून मुकादमाच्या घरचे वासे वाहायला त्याने नकार दिला होता. मुकादमाने त्याला कुपात, म्हणजे तोडीसाठी दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, सगळ्यांदेखत काठीने मारले. खांदा असा उतरला की त्याला तो हात डोक्याच्या वर नेता येत नव्हता. मी अर्ज लिहिला, मोखाड्याच्या कचेरीत दिला, खेपा घातल्या आणि शेवटी चौकशी लागली. साहेब गावात येऊन साक्षी घेणार होते. त्या भागात वेठीचा अर्ज चौकशीपर्यंत पोचल्याचे निदान मी तरी ऐकले नव्हते. आता फक्त लोकांनी उभे राहून सांगायचे होते: आम्ही पाहिले, ह्याने मारले. मी घरोघर हेच सांगत फिरत होतो. लोक माना हलवायचे आणि विचारायचे, "उडत्या चंद्रावरून आला का?"

चौकशीच्या आधी बोहाडा आला. चैत्रातला हा गावाचा उत्सव. गणपती, सरस्वतीपासून राक्षसांपर्यंत एकेक देव लाकडी मुखवटा चढवून, संबळाच्या ठेक्यावर गावाच्या वाटेने नाचत येतो. त्यालाच सोंग म्हणतात. मानाची सोंगे ठरलेल्या घरांची. पण मधेमधे गमतीची सोंगे येतात, ती कोणीही घ्यावीत. यंदा उडत्याचे सोंग निघणार, हे मला सुताराच्या अंगणात कळले. सावरीच्या लाकडाचा मुखवटा जवळजवळ तयार होता. निळा रंग, मोठे डोळे, आणि पुस्तकात नसलेल्या भरघोस मिशा.

"मिशा कशाला?" मी विचारले.

"बिनमिशीचा मारील काय कोणाला?" सुतार म्हणाला.

सोंग कोण घेणार, हे त्याने सांगितले नाही. विचारायचेही नसते. माणूस सोंगात शिरला की त्याचे नाव घ्यायचे नाही, नंतरही नाही. घेतले तर देव बाटतो. मी म्हणालो, "उडत्या कुठला देव?"

"यंदा नसंल," सुतार म्हणाला. "नाचला म्हंजे होईल."

बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी, उजाडल्यावर, देवी आणि महिषासुराचे युद्ध व्हायचे असते. त्याच्या थोडे आधी मी शाळेमागे तोंड धुवायला गेलो. तिथे गुरुजी उभे होते. अंगाला निळा रंग, कमरेला धोतर कसलेले, पाठीवर पंख म्हणून दोन सुपे. मुखवटा हातात.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "माझा हात मागे पोचत नाही. गाठ मारा जरा."

"तुम्ही सरकारी नोकर आहात गुरुजी."

"नाचायला बंदी नाही कुठे."

"मला हे पटत नाही."

"नका पटवून घेऊ. गाठ घट्ट मारा."

मी मारली.  

उडत्या वाटेवर आला तेव्हा ऊन पडले होते. सुपे फडफडत होती, पोरे किंचाळत होती, बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मोठ्या आंब्याखाली बाज टाकून मुकादम बसला होता. आदल्या दिवशीच आला होता. चौकशीच्या आधी गावाला तोंड दाखवून ठेवावे, असा हिशोब. मला पाहून म्हणाला, "काय पत्रकवाले, आज कागद नाही? आज नाच?"  ऊन सरकून त्याच्या पायावर आले. त्याने गर्दीत पाहिले, आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम, माझ्या अर्जदाराला हाक मारली.

"ए, इकडे ये. बाज उचल. सावलीत घे."

अर्जदार हलला नाही. त्याची बायको शेजारी होती, पोट आता चांगलेच दिसत होते.

"ऐकू येत नाही? दुसरा खांदा शाबूत आहे ना?"

संबळ वाजतच होता, पण हसणे थांबले. मी पुढे व्हायला हवे होते आणि होतही होतो. माझ्या आणि त्यांच्या मधे माणसांची दाटी होती. मुकादम उठला. काठी वर गेली. अर्जदाराने मान खाली घातली, तशीच, पुस्तकात लिहिल्यासारखी.

काठी खाली आली नाही. मागून एका निळ्या हाताने ती धरली होती.

मुकादमाने वळून पाहिले तर समोर मिशा. उडत्याने काठी काढून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि मुकादमाच्या छातीवर हात ठेवून त्याला बाजेवर बसवले. बाजेचा पाय मोडका होता की काय, बाज कलंडली, मुकादम मागे पडला आणि त्याचे मनगट अंगाखाली आले. काठीचे तुकडे त्याच्या पोटावर ठेवून उडत्याने त्याला वाकून नमस्कार केला आणि संबळाच्या ठेक्यात नाचत वाटेने निघून गेला. मागून देवी आली. सगळे गाव देवीच्या पाया पडले.

मी शाळेमागे धावलो. गुरुजी अंगावर पाणी ओतून घेत होते. मुखवटा कोणीतरी नेलाही होता. म्हणाले, "शाळा भरायची वेळ झाली असेल."

मुकादमाचे मनगट मोडले होते. त्याने त्याच दिवशी मोखाडा गाठला. ठरलेली चौकशी ठरलेल्या दिवशीच झाली, पण आता प्रकरणे दोन होती. साहेब आंब्याखाली खुर्ची टाकून बसले. मुकादम गळ्यात हात अडकवून बाजूला. साहेब म्हणाले, "आधी हे सोंगाचं. मुखवट्यात कोण होतं?"

आणि इथे एक गंमत झाली. काल-परवापर्यंत माझ्याशी मराठीत तावातावाने भांडणारी माणसे त्या दिवशी मराठी विसरली. एकालाही एक शब्द समजेना. जो तो आपल्या घरच्या बोलीत बोलायला लागला. साहेब देशावरचे, त्यांना त्यातले ओ की ठो कळेना. शेवटी त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही या. हे काय म्हणतात ते मला सांगा."

गुरुजी येऊन उभे राहिले. स्वच्छ टोपी, स्वच्छ सदरा. कानामागे निळ्या रंगाची एक रेघ राहिली होती. ती मला लांबून दिसत होती, म्हणजे साहेबांनाही दिसणार होती. नोकरी जाणार होती, खटला होणार होता. साखरशेतच्या त्या घरात हा एकच पगार यायचा.

सुतार आला. बोलला. गुरुजींनी सांगितले, "हा म्हणतो, उडत्या होता."

"आत कोण होतं?"

"म्हणतो, आत उडत्याच होता."

दुसरा आला, तिसरा आला. उडत्या. सुईण आली. तिने बराच वेळ हातवारे करून सांगितले. गुरुजींचे कान लाल झाले.

"काय म्हणते?"

"म्हणते, चंद्रावरून आला होता. फार वाळला होता. त्याला कोणी जेवायला घालत नाही वाटतं."

गर्दीतून हुंदका आल्यासारखा एक आवाज आला. कोणीतरी हसू दाबले होते. साहेबांनी कागद बाजूला ठेवले आणि माझ्याकडे बोट केले.

"तुम्ही या. तुम्हाला तर मराठी येतं."

मी गेलो.

साहेब वाईट माणूस नव्हते. आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची पत्रकं मी वाचली आहेत. तोंड उघडा, नाव सांगा, असं लिहिता ना? मग सांगा. तुम्ही इथे होतात, मला माहीत आहे. नाव दिलंत तर हे प्रकरण मिटतं आणि तुमचा वेठीचा अर्ज मी आत्ता, इथेच ऐकतो. ह्या मुकादमाला मी सोडणार नाही. पण सगळं गाव जर असं खोटं बोलत असेल, तर मारहाणीच्या साक्षी तरी कशा खऱ्या धरू? दोन्ही बंद करावी लागतील. ठरवा."

मुकादम माझ्याकडे पाहत होता. त्याला माझ्या उत्तराची घाई नव्हती. कोणतेही उत्तर दिले तरी त्याचे काही ना काही साधणार होते.

मी अर्जदाराकडे पाहिले. अर्ज त्याचा, खांदा त्याचा. त्याने काही खूण करावी, असे मला वाटत होते. तो जमिनीकडे पाहत होता. गुरुजी माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी तोंड उघडले. ते आता बोलणार, स्वतःचे नाव सांगणार, हे मला दिसले, आणि त्यांच्या आधी मी बोललो.

"उडत्या होता," मी म्हणालो.

साहेबांनी मला पुन्हा एकदा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. मराठीत, स्वच्छ.

दोन्ही प्रकरणे बंद झाली.

त्या संध्याकाळी गावाने मला जेवायला बसवले, पहिल्यांदाच. ताटावरच गुरुजींवर मी तुटून पडलो. "तुमच्या त्या पुस्तकानं इतक्या महिन्यांचं काम घालवलं. त्यानं काठी मोडली, ठीक. पण काठ्या जंगलात काय कमी आहेत? उद्या तो नवी तोडून आणेल. कागदावर नाव आलं असतं तर माणूस अडकला असता. तुमच्या उडत्यानं काय केलं? गावाला हसवलं."

"काठी धरली तेव्हा मी पुस्तकाचा विचार नव्हता केला," गुरुजी म्हणाले. "त्याची मान खाली गेलेली दिसली, बस्स. मुखवटा नसता तर हात उठला नसता माझा. हे मला रात्रंदिवस टोचतंय. तुम्ही आणखी टोचू नका."

"तुम्ही बोलणार होतात ना?"

"तुम्ही बोलू दिलं नाहीत."

 आमच्यात अजून हे मिटलेले नाही.

मी म्हणालो तसेच झाले. मुकादमाने त्या गावात पुन्हा कोणाला बाज उचलायला सांगितले नाही. तो घाटाकडच्या पुढच्या गावात जायला लागला. तिथे बोहाडा होत नाही, गुरुजी नाहीत, पुस्तक नाही. तिथे माणसे त्याची लाकडे फोडतात. मला कोणी विचारले की असली पुस्तके लोकांपुढे वाचावीत का, तर मी त्या पुढच्या गावाचे नाव सांगतो. आणि तरीही, त्या निळ्या हाताने काठी धरली तेव्हा माझ्या छातीत जे झाले, ते माझ्या स्वतःच्या कोणत्याही भाषणाने झालेले नाही. हे दोन्ही खरे आहे. एक खरे सांगायचे म्हणून दुसरे खोडायला मी तयार नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी अर्जदार जव्हारला आमच्या घरी आला. पायी आला होता. बायको बरोबर, तिच्या पाठीशी बांधलेले मूल. वडिलांनी त्यांना ओसरीवर बसवले, पाणी दिले. तो म्हणाला, "पत्रकवाले, तो पुढल्या गावात मारतोय. माझा मावसभाऊ हाय तिथं. कागद करा."

"मावसभाऊ सही देईल?"

"तो नाय देणार. भितो."

"मग कोणाच्या नावानं करू? साहेब पुन्हा म्हणतील, तुमच्या गावचे लोक खोटं बोलतात."

"माझ्या नावानं करा. मला मारलं, कुपात मारलं, ह्यानं मारलं. पहिल्यापासून लिवा."

"ते तुझ्या घरावर येतील."

 त्याची बायको बोलली. तिचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. "येऊ दे. तवा मी बी होते तिथं, बाजेपाशी. साहेबानं मला इचारलंच नाय. माझं पन घाला."

मी अर्ज लिहिला. त्याने अंगठा उठवला. उतरलेल्या खांद्याचा तो हात टेबलापर्यंत नेताना त्याला दुसऱ्या हाताचा आधार द्यावा लागला. शेजारी तिने उठवला. मग दोघांनी आपापली नावे, बापाच्या नावासकट, मला मोठ्याने सांगितली, मी ती बरोबर लिहितो आहे की नाही ते माझ्या हाताकडे पाहत. ती नावे मी इथे देत नाही. अर्ज अजून मोखाड्याच्या कचेरीत पडून आहे आणि मुकादम मोकळा फिरतो आहे.